अडीच लाखांत जुनी मारुती वॅगनार की जुनी होंडा जॅझ? (ठाणे / नवी मुंबई)

खारेगावची_सई
नमस्कार मंडळी. आईचा आणि माझा फराळाचा छोटा व्यवसाय आहे. शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्टॉल असतो. नेरूळ, डोंबिवली, मुलुंड, कधी घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीत. आतापर्यंत टेम्पो सांगायचो, पण नफ्यातला मोठा घास त्याचं भाडंच खातं. म्हणून सेकंडहँड गाडी बघतेय. बजेट अडीच लाख, ट्रान्सफर आणि इन्शुरन्स धरून. त्याच्या वर एक रुपया नाही.

सामान: चार फुटी दोन टेबलं (पाय दुमडतात, वरची फळी दुमडत नाही), चार क्रेट, एक स्टँडी आणि आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली वाकून बसायची गाडी नको. महिन्याला चारशे किलोमीटरच्या आसपास चालेल.

बघितलेल्या गाड्या:
१) वॅगनार व्हीएक्सआय पेट्रोल, २०१२, एमएच ४३, कोपरखैरणे, २.३० सांगतायत
२) जॅझ, २०११, एमएच ०४, मानपाडा, २.४० सांगतायत
३) वॅगनार २०१४, सीएनजी बाहेरून बसवलेला, २.८५ (बजेटबाहेर, तरी एजंट रोज फोन करतो)

कोणी वापरली असेल तर सांगा.

नेरूळचा_नाना
वॅगनार. डोळे झाकून. पुढचा प्रश्न?

सहावा_गिअर
अजून दीड लाख टाका आणि २०१९ नंतरची वॅगनार बघा. डिकी ३४१ लिटर आहे, आधीच्या मॉडेलची १८० होती. एवढं सामान असताना जुन्याच्या नादी लागूच नका.

खारेगावची_सई
दादा, बजेट अडीच आहे.

सहावा_गिअर
हो, ते वाचलं. लोन मिळतं.

चार_सिलिंडर
खरी वॅगनार २०१०च्या आधीची. डिसेंबर १९९९ला आली तेव्हा सगळे डबा म्हणून हसले होते. १०६१ सीसी, चार सिलिंडर. सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून ठरवावं लागायचं. एप्रिल २०१०ला तीन सिलिंडरवालं ९९८ सीसी आलं आणि तेव्हापासून न्यूट्रलला स्टिअरिंग हातात गुरगुरतं. माझी २००६ची अजून माझ्याकडेच आहे आणि विकायची नाही. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो.

नेरूळचा_नाना
चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, वेळेवर बदलला नाही तर पुढचा खर्च मोठा. २०१०च्या इंजिनाला चेन आहे. सई, तुमची २०१२ची म्हणजे चेनवाली. यांचं ऐकू नका.

चार_सिलिंडर
बेल्ट वेळेवर बदलला की काही होत नाही. माणसंच बदलत नाहीत, त्याला गाडी काय करणार.

माधवी_ऐरोली
आमच्याकडे २०१३ची वॅगनार आहे. सासूबाईंचे दोन्ही गुडघे ऑपरेशनवाले, त्या हिच्यातच स्वतःहून चढतात-उतरतात, कारण सीट कमरेच्या उंचीला येते. आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ट्रे असतो, तो बघून घ्या. जुन्या गाड्यांतून बरेचदा गायब झालेला असतो. आमच्यात चपला आणि छत्र्या राहतात. पाम बीच रोडला वारा सुटला की गाडी हलते हे खरं, पण तुम्ही काय तिथे शर्यत लावणार?

घोडबंदर_पीडित
जॅझ माझ्याकडे आहे, तुमच्याच वर्षाची. घेऊ नका. माणसं पाच बसली की आमच्या सोसायटीच्या उतारावर पोट घासतं. गायमुखच्या खड्ड्यांत मी काय भोगतो ते मलाच माहीत. वॅगनारचा शॉकअप, बुश (सस्पेन्शनमधलं रबर) कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, जॅझचा मागवावा लागतो आणि किंमतही तशीच. २००९ला आली तेव्हाच महाग होती, २०११ला एकदम दीड लाखाहून जास्त उतरवली आणि आधी घेतलेले हात चोळत बसले.

जागा मात्र, खरं सांगायचं तर, या वर्गात तशी दुसरी नाही. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली आहे, त्यामुळे मागची सीट पाडली की सपाट होते, आणि बैठक वर उचलली की उभं सामान राहतं. मी एकदा फ्रीज आणला होता. छोटा. पण फ्रीज.

नेरूळचा_नाना
फ्रीज रोज आणणार आहात का?

कोपरीकर
सीएनजीच घ्या. पेट्रोल परवडतं का कोणाला? रांग असते, पण रांगेत माणूस फोन बघतो.

थेट_गॅरेजातून
महिन्याला चारशे किलोमीटरसाठी सीएनजी कशाला? आणि सिलिंडर डिकीत बसला की यांचे क्रेट डोक्यावर ठेवायचे का? बाहेरून बसवलेला किट आरसीवर चढवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हात वर करतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, त्याचा दाखला मागा. बहुतेक वेळा "घरी आहे, देतो" असं उत्तर येतं.

आता कुठलीही घ्या, पण हे बघा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका: कितवा मालक, लोनचा बोजा, थकलेली चलनं, इन्शुरन्स. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. एमएच ४३ची गाडी ठाण्यात आणली तरी नंबर बदलत नाही, राज्य एकच आहे. इन्शुरन्स चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. एजंट उलटं सांगेल.

टायरवर शेवटचे चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८चा बत्तिसावा आठवडा. मीटरवर चाळीस हजार आणि क्लचचं रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पेडलला खड्डा पडलेला, असं दिसलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आणि इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर संध्याकाळी परत जा.

माधवी_ऐरोली
पाण्यात गेलेली नाही ना तेही बघा. माझ्या भावाला एका डीलरने विटाव्याच्या पुलाखाली बुडालेली गाडी धुऊन-पुसून दिली. महिन्याभरात दाराच्या काचा आपोआप खालीवर व्हायला लागल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागात चिखलाची रेघ असते. ती कोणी धुवत नाही. स्टेपनीखालचा खड्डाही बघा, गंज तिथे पहिला दिसतो.

कोपरीकर
पंधरा वर्षं झाली की भंगारात जाते ना? २०११ची म्हणजे २०२६ला संपली. पैसे पाण्यात.

थेट_गॅरेजातून
तो नियम दिल्लीचा. आपल्याकडे पेट्रोल गाडीचं पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करून पाच वर्षं मिळतात. ग्रीन टॅक्स लागतो. पीयूसी आणि फिटनेस नीट हवं, एवढंच.

सहावा_गिअर
आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल? जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नाहीत.

चार_सिलिंडर
माझी २००६ची चालते आहे.

सहावा_गिअर
पाइप बघितलेत का कधी?

चार_सिलिंडर
चालते आहे म्हटलं ना.

नेरूळचा_नाना
ई-२०चा वेगळा धागा काढा. इथे वॅगनार ठरलेली आहे. बाकी ऐरोली-मुलुंडचा टोल ऑक्टोबर २०२४पासून माफ आहे, तेवढे सईचे वाचतील.

कोपरीकर
टोल गेला, पण नाक्यावरची गर्दी कुठे गेली?

माधवी_ऐरोली
नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलीय का तेही विचारा. एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. ते विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

खारेगावची_सई
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही गाड्या बघितल्या. थेट_गॅरेजातून यांनी सांगितलं तसं केलं, आणि एक टेबल बरोबर घेऊन गेले. कोपरखैरण्याच्या काकांना वाटलं मी तिथेच दुकान मांडणार.

वॅगनार छान आहे. आईला तीच आवडली. पण मागची सीट पाडली तरी टेबल तिरकं राहतं, त्याच्यावर क्रेट बसत नाहीत, आणि पुढची सीट सरकवल्याशिवाय डिकी बंद होत नाही. म्हणजे मागे टेबल गेलं की पुढे आईचे गुडघे डॅशबोर्डला. जॅझमध्ये टेबल सपाट गेलं, दुसरं त्याच्यावर बसेल, क्रेट वर. दोन एअरबॅग आणि एबीएसही आहे, ते या वॅगनारमध्ये नाही. चढायला थोडी खाली आहे, पण आई म्हणाली चालेल. (चेहरा वेगळं सांगत होता.)

टायर सात वर्षांचे निघाले, बॅटरीही उतरलेली. ते धरून जॅझ २.१५ला ठरली. टोकन दिलं.

नेरूळचा_नाना
मग विचारलं कशाला?

घोडबंदर_पीडित
ताई, मी स्पष्ट नको म्हटलं होतं. आता ऐका. वाचलेल्या पैशांतले पाच-सात हजार पुढच्या बुशांना लगेच ठेवा, एसीचा फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो तो स्वतः बदला, त्यासाठी मजुरी देऊ नका. स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा. भरलेली असताना मानपाड्याहून सर्व्हिस रोडने येऊ नका. आणि बुश लागले तर मला मेसेज करा, ठाण्यात एक माणूस आहे, बाकीच्यांपेक्षा कमीत देतो.

सहावा_गिअर
जॅझच घ्यायची तर २०१५ नंतरची घ्यायला हवी होती.

कोपरीकर
सीएनजी बसतो का त्यात?

थेट_गॅरेजातून
कोपरीकर, झोपा.

चार_सिलिंडर
वॅगनारवाल्या काकांचा नंबर द्याल का? मेव्हण्याला हवी आहे. तीन सिलिंडर चालते त्याला.