एमएस्सी कॉम्प्युटरनंतर प्राध्यापकी : आधी सेट की पीएचडी?

रंकाळा_काठ :
धाकट्या बहिणीचं एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालंय, ५८ टक्के. कोल्हापुरातच सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. लग्न ठरलंय, सासरही गावातलंच. कायम प्राध्यापक व्हायचं तर आधी सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) द्यावी की थेट पीएचडीला नाव घालावं? इंजिनिअरिंग कॉलेजात अर्ज चालेल का?

विद्यानगर :
आधी सेट. एमएस्सीला ५५ टक्के आणि नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) किंवा सेट एवढ्यावर सहायक प्राध्यापकाचा अर्ज करता येतो. सेटला कोल्हापूर केंद्र मिळतं. पेपर एक १०० गुणांचा, पेपर दोन २०० चा, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. खुल्या प्रवर्गाला दोन्ही मिळून ४० टक्के, म्हणजे १२० गुण हवेत, पण १२० म्हणजे पास नव्हे. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात, आणि नेमकं हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एमएस्सीला वेब आणि प्रोजेक्टवर भर असतो, मग पेपर दोनमध्ये ऑटोमाटा, कम्पायलर, डिस्क्रीट गणित अंगावर येतं. सुरुवात तिथूनच करा. महाराष्ट्राची सेट गोव्यातही चालते. बाकी राज्यांसाठी नेट किंवा त्या त्या राज्याची सेट हवी.

तासिका_१६ :
इंजिनिअरिंगचं विसरा. तिथं बीई-बीटेक आणि एमई-एमटेक लागतं, नुसत्या एमएस्सीवर छाननीतच अर्ज बाजूला पडतो.

सीएचबीबद्दल आधीच सांगून ठेवतो. पुढे पदोन्नतीला मागची सेवा धरायची तर नेमणूक रीतसर निवड समितीची आणि पगार कायम प्राध्यापकापेक्षा कमी नसावा लागतो. सीएचबीचं मानधन तेवढं नसतं, म्हणून ती वर्षं तिथं मोजली जात नाहीत. तरी नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि अनुभवाचा दाखला दरवर्षी घेऊन ठेवायला सांगा.

पंचगंगा_घाट :
सेटनं अर्ज करता येतो. मुलाखतीच्या यादीत वर यायला पीएचडी लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमावलीत कॉलेजच्या छाननीला सेटला ५ गुण, नेटला ८ आणि पीएचडीला २५ आहेत. लेव्हल १०, म्हणजे सहायक प्राध्यापकाची सुरुवातीची वेतनश्रेणी, तिचा मूळ पगार ५७,७००. पुढच्या लेव्हलला पीएचडीवाल्याला ४ वर्षं, नुसत्या नेट-सेटवाल्याला ६. आणि पीएचडीशिवाय सहयोगी प्राध्यापक होता येत नाही.

रंकाळा_काठ :
मग संसार, मूल हे सगळं धरून पीएचडी कधी?

पंचगंगा_घाट :
सेट निघाल्यावर लगेच. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत किमान ३ वर्षं, कमाल ६. बाईमाणसाला २ वर्षं वाढवून मिळतात आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी सगळी मिळून २४० दिवसांची रजा. १२ क्रेडिटचा कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचे तास) मात्र बाळंतपणाआधीच उरकून घ्या, तिथं हजेरी लागते. मार्गदर्शक गावातलाच बघा. सल्लागार समितीपुढं दर सत्राला प्रगती मांडावी लागते, तान्ह्या बाळाला घेऊन पुण्याच्या खेपा निभत नाहीत. विषयही असा घ्या की घरच्या लॅपटॉपवर आणि मोफत डेटासेटवर प्रयोग होतील, म्हणजे लॅब उघडी असण्यावर काम अडत नाही.