रोशिया मोंतानाबद्दल थोडी भर

रोशिया मोंताना हे रोमानियातलं सोन्याच्या खाणींचं गाव. त्याची गोष्ट सांगताना बरेच जण सुरुवात करतात ती तिथल्या नव्या खाण प्रकल्पाविरुद्धच्या 2013च्या आंदोलनापासून. आंदोलन मोठं होतं, हे मान्य. पण गावाचा इतिहास पार रोमन काळापर्यंत जातो.

रोमानियाच्या आल्बा जिल्ह्यात, आपुसेनी डोंगरांत हे गाव आहे. रोमन सम्राट ट्राजनने इ.स. 106मध्ये डेशिया (आजच्या रोमानियातला प्रदेश) जिंकल्यावर रोमनांनी इलिरियातून कसबी खाणकामगार आणून इथे वसवले. तेव्हा गावाचं नाव होतं आल्बुर्नुस मायोर. रोमनांनी खोदलेले बोगदे आजही काही किलोमीटर शाबूत आहेत.

मला त्याहून भारी वाटतात त्या खाणींत सापडलेल्या मेण लावलेल्या लाकडी पाट्या. सन 164च्या एका पाटीवर मजुराचा करार आहे. मे ते नोव्हेंबर काम, मजुरी 70 दिनार आणि जेवण. खाणीत पाणी भरून काम थांबलं, तर तेवढे पैसे कापणार! मजुराला लिहिता येत नव्हतं, म्हणून करार दुसऱ्याने लिहून दिलाय. म्हणजे पाण्याचा भुर्दंड तेव्हाही मजुरालाच.

आजूबाजूचे तलाव बरेच जण नैसर्गिक समजतात. ते खनिज कुटणाऱ्या पाणचक्क्यांसाठी बांधलेले आहेत.

सरकारी खाण 2006मध्ये बंद झाली. त्यानंतर सायनाइड वापरून सोनं काढायच्या नव्या प्रकल्पात शेजारचं कोर्ना खोरं खाणीच्या गाळाच्या धरणाखाली जाणार होतं, लोक पेटले ते त्यामुळेही. 2021मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला आणि त्याच वेळी धोक्यात आलेल्या वारशाच्या यादीतही टाकला. हा प्रकल्प आणणाऱ्या कॅनडाच्या कंपनीचा रोमानियाविरुद्धचा नुकसानभरपाईचा दावा लवादाने 2024मध्ये फेटाळला.