नाकातल्या नळीतून पेज दिली की नळी तुंबते

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर): वडिलांच्या जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. राईल्स ट्यूबमधून दर दोन तासांनी २०० मिली द्यायला सांगितलंय. ज्वारीची पेज दिली की नळी तुंबते. ताकदीसाठी शेंगदाण्याचं कूट घालू का? शुगर नाही.

आहारतज्ज्ञ: कूट नको, कितीही बारीक केलं तरी चोथा नळीच्या भोकांत बसतो. पेजेचं म्हणाल तर साध्या पिठाची पेज निवली की खळीसारखी घट्ट होते. ज्वारीला मोड आणा, वाळवा, हलकी भाजून दळा. त्या पिठाची पेज पातळच राहते. दूध १५० मिली, दूध पावडर २ चमचे, हे पीठ १ चमचा पाण्यात शिजवून, अर्धा चमचा तेल. सगळं मिळून २००. सुती कापडातून गाळा, चहाची गाळणी पुरत नाही. दुधाच्या फीडला लागून लिंबूपाणी देऊ नका, नळीतच दूध फाटतं. सध्याच्या उन्हात दर वेळी ताजंच करा. मधल्या वेळेत पाणी किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

नर्स: आधी नळीवरची नाकाजवळची खूण बघा. ती सरकली असेल तर फीड देऊच नका, फोन करा. डोकं-पाठ ४५ अंश वर, फीडनंतरही तासभर तसंच. सिरिंजचा दट्ट्या काढा, फीड आपोआप उतरू द्या, १५-२० मिनिटं लागतात. दट्ट्याने ढकललं की उलटी होते. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. तुंबलीच तर कोमट पाणी सिरिंजने हळू आत-बाहेर करा. जोर नको, तार तर मुळीच नको. ठसका लागला किंवा धाप लागली तर लगेच थांबा. नळी निघाली तर घरी परत घालू नका, आत टाके ओले आहेत. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता: खूण जागेवर आहे. सकाळी पँटोप्राझोलची गोळी कुटून देतो, तीही अडकते का?

नर्स: हो, आणि तिच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवायला असतं. कुटली की औषध वाया जातं, वर आवरणाचे तुकडे नळीत अडकतात. नळीतून चालेल असं औषध डॉक्टरांकडून बदलून घ्या. बाकीच्या गोळ्याही एकेक विचारा. ज्या चालतात त्या वेगवेगळ्या विरघळवा, दोन गोळ्यांमध्ये १० मिली पाणी.

फिजिओथेरपिस्ट: मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा आखडतो. सर्जनने हो म्हटलं की भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. तोंड उघडायचा व्यायामही त्यांना विचारूनच. पुढे रेडिएशन असेल तर हा व्यायाम मध्येच सोडू नका, तेव्हाच जबडा जास्त घट्ट होतो.