दोन वर्षं ओटीपोट दुखतंय, डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. इंदूरमध्ये दुसरं मत कुणाचं घेऊ?

सुदामानगरची_सून
वय ३७, दोन मुलं, धाकट्याच्या वेळी सिझेरियन. दोन वर्षांपासून ओटीपोटात दुखतं, जास्त करून डावीकडे. आधी पाळीपुरतंच होतं, आता महिन्यातले पंधरा दिवस तरी असतंच. कंबर धरते, मांडीत कळ जाते. संबंधाच्या वेळीही दुखतं (हे इथेच लिहू शकते, घरी नाही). दोनदा सोनोग्राफी झाली, दोन्ही नॉर्मल. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. आता एक डॉक्टर म्हणाले, "दोन मुलं झाली ना, पिशवी काढून टाका, कटकट संपेल." सासूबाईंचं म्हणणं, बाईच्या जातीला हे चालायचंच. पिशवी जाण्याचं मला दुःख नाही, पण काढूनही दुखत राहिलं तर? नीट ऐकून घेणारं कुणी सुचवा.

रामबागची_काकू
थांब गं बाई, सही करू नकोस. माझी ४१ व्या वर्षी काढली, बरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. महिन्याभरात अंगातून वाफा सुरू झाल्या. आणि दुखणं? होतं तिथेच! चार वर्षांनी कळलं की ते मूत्राशयाचं होतं. लघवी साठली की दुखायचं, करून आलं की बरं वाटायचं. लघवीची तपासणी दर वेळी स्वच्छ, तरी औषध इन्फेक्शनचंच. आता चहा दोनच कप, आंबट-तिखट बेतानं, म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेले तरी मी आपली इंदुरी, दुधाची शिकंजी पीत बसते. तुला लघवीचा काही त्रास आहे का, ते आधी बघ.

भिया_जरा_ऐका
ताई, कोमट पाण्यातून ओवा-हिंग घ्या. आमच्या आईला लगेच आराम पडायचा.

रामबागची_काकू
भिया, तिला गॅस नाही झालाय.

चॉकलेट_नको
सोनोग्राफी नॉर्मल, पाळीपासून सुरुवात, संबंधाच्या वेळी दुखणं: अगदी माझीच गोष्ट. एंडोमेट्रिओसिस. पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतं. अंडाशयावर गाठ झाली तर सोनोग्राफीत दिसते (तीच ती चॉकलेट सिस्ट), पण नुसते पातळ डाग असले तर बहुतेक वेळा दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात साधारण १९ कोटी बायका-मुलींना हे आहे, तरी मला नाव कळायला नऊ वर्षं गेली. तोवर "लग्न झालं की थांबेल", मग "मूल झालं की थांबेल". शेवटी दुर्बिणीतून बघून डाग काढले, त्यानंतर रोज डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची गोळी. पूर्ण गेलं नाही, पण मी आता सुट्टी न घेता नोकरी करते.

एमजीएमची_जुनी_पोरगी
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण इथे बसून निदान करणार नाही.

सहा महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या ओटीपोटाच्या दुखण्याला बरेचदा एकच कारण नसतं. एंडोमेट्रिओसिस असू शकतं. पिशवीच्या भिंतीतच अस्तर शिरलेलं असू शकतं, त्यात रक्तस्राव जास्त जातो. उभं राहून संध्याकाळपर्यंत वाढत असेल तर ओटीपोटातल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. शिवाय आतडं, मूत्राशय, स्नायू आहेतच, आणि आपल्याकडे टीबी विसरायचा नाही. पांढरं जाणं, ताप, तपासताना दुखणं यांतलं काहीच नसताना अँटिबायोटिक परत परत देण्यात अर्थ नाही.

सिझेरियन म्हणालात म्हणून एक करून बघा. उताणं झोपा, जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे उचला. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतलं असण्याची शक्यता जास्त.

पिशवी काढणं हा शेवटचा उपाय, आणि एंडोमेट्रिओसिस पिशवीबाहेर असेल तर नुसत्या पिशवीनं भागत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं आपण सगळ्यांनी वाचलंय. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही विनाकारण पिशव्या काढण्याबद्दल राज्यांना नियमावली लागू करायला सांगितलं.

अचानक असह्य कळ, चक्कर, ताप किंवा पाळी चुकून दुखणं असं झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, त्याच रात्री एमवाय हॉस्पिटल किंवा जवळचं कुठलंही इमर्जन्सी गाठा.

सुदामानगरची_सून
आत्ता पलंगावर करून पाहिलं. टाक्याच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं, मान उचलली आणि अक्षरशः ओरडले. मुलगा धावत आला.

कंबरकस
मी फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षं दुखणं सोसताना खालचे स्नायू आवळून बसतात, मग दुखण्याचं मूळ गेलं तरी ते सैल होत नाहीत. संबंधाच्या वेळचं दुखणं पुष्कळदा इथलंच. यूट्यूब पाहून कीगल (हे स्नायू आवळायचा व्यायाम) सुरू करू नका! आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळलं तर दुखणं वाढतं. आधी सैल सोडायला शिकायचं, पोटातून श्वास घेत.

एमजीएमची_जुनी_पोरगी
@सुदामानगरची_सून, टाक्यात नस अडकली असेल तर त्याच जागी भूल देणारं इंजेक्शन देऊन खात्री करता येते. पण टाक्यातही एंडोमेट्रिओसिस होतो, तेव्हा पाळीत तिथे गाठ फुगते का, ते पाहून ठेवा. दुखण्याची वही करा: तारीख, पाळीचा दिवस, जागा, दहापैकी किती. लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी) करणारं कुणी हवं असेल तर दोन नावं निरोपात पाठवते, इथे नको.

सुदामानगरची_सून
तीन आठवड्यांनी लिहितेय. पलासियाच्या बाजूला एका बाईंना दाखवलं. त्यांनी वही पूर्ण वाचली, तेवढ्यानेच मला रडू आलं. टाक्यापाशी इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत ती टोचणी गेली, पुढे परत आली तर परत देतील. पाळीबरोबरचं दुखणं मात्र आहेच. त्यासाठी डायनोजेस्ट तीन महिने घेऊन बघायचं, एमआरआय करायचा, मग दुर्बिणीचं ठरवायचं. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, हेही त्यांनी सांगितलं. पिशवीचा विषय मीच काढला, त्या म्हणाल्या आत्ता नाही.
एक विचारायचं होतं. गोळी सुरू केल्यापासून रोज थोडं थोडं अंगावरून जातंय. हे किती दिवस चालतं?

चॉकलेट_नको
मला अडीच महिने चाललं. जास्त जायला लागलं तर बाईंना फोन कर. तोवर गडद रंगाच्या सलवारी.