पिंजऱ्यातल्या राघूवरून आम्हाला माया शिकवू नका

सोप्यातली_तुळस

परवा एकाने लिहिलं होतं की "आपल्या लोकांना प्राण्यांवर प्रेम करताच येत नाही, एकटा पोपट पिंजऱ्यात कोंबायचा, मिरची चारायची आणि विठू विठू बोलून घ्यायचं, इकडे स्वित्झर्लंडमध्ये एकटा पोपट ठेवणं कायद्यानेच बंद आहे". दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

वाईला आमच्या घरी सोप्यात कडीला राघूचा पिंजरा असायचा. आजी पहाटे उठली की पहिलं काम म्हणजे पिंजऱ्यावरचं फडकं काढायचं आणि "राघू, उठलास का रे" विचारायचं. रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ आधी त्याला, मग आम्हा पोरांना पोहे. पेरू कापला की पहिली फोड त्याची. आजोबा गेले तेव्हा मुलं मुंबईला परत गेली आणि त्या एवढ्या मोठ्या घरात आजी आणि राघू दोघंच उरले, आणि तो आजोबांच्या आवाजात ओरडायचा, "अगं ए, चहा टाक." अगदी तोच खरखरीत आवाज. आजी खरंच उठून आधण ठेवायची. हे प्रेम नाही तर काय आहे मला सांगा. त्याला घरचं माणूस म्हणूनच वाढवला होता, शोभेची वस्तू म्हणून नाही.

आणि युरोपच्या भूतदयेचं म्हणाल तर, रानातून पकडलेले पक्षी विकत घेणारं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कित्येक वर्षं युरोपच होतं. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने आयात थांबवली आणि २००७ ला कायमची बंद केली. रोगाच्या भीतीने दार लावलं आणि आता आम्हाला माया शिकवताय.

आल्प्सवाला

ताई, ती पोस्ट माझीच. "प्रेम करताच येत नाही" हे वाक्य चुकलं, मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

इथे स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून नियम आहे की कळपात राहणारा प्राणी एकटा ठेवायचा नाही, पोपट त्यात येतात. मकाव आणि काकाकुवासारखे मोठे पक्षी ठेवायचे तर वेगळा परवाना लागतो. माझ्या शेजारच्या आजींकडे कॉकाटील्सची, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटांची, जोडी होती, त्यातला नर मेला. आजींचं वय सत्तरीच्या पुढे. नवीन जोडीदार आणावा तर तो आपल्यापेक्षा जास्त जगेल म्हणून त्यांनी उरलेली मादी एका मोठ्या पक्षीघरात नेऊन दिली, तिथे तिच्या जातीचे दहाबारा होते. परत आल्यावर त्या माझ्या किचनमध्ये बसून रडल्या. तुमच्या आजीइतकंच प्रेम होतं हो, पण त्यांनी आधी विचार केला तो पक्ष्याला काय पाहिजे याचा. तुमच्या गोष्टीत आजीला काय पाहिजे होतं ते कळलं. राघूला काय पाहिजे होतं?

आणि बर्ड फ्लूचं तुमचं बरोबर आहे. हेतू काहीही असो, पक्षी वाचले.

ज्वारीवाला_परभणी

तुम्ही दोघं पोपटाला काय पाहिजे ते विचारताय म्हणून सांगतो, त्याला माझी ज्वारी पाहिजे. शाळू दाण्यात आला की थवा उतरतो, पन्नास नाही शंभर नाही, मोजता येत नाहीत. आणि हे पाखरू पोटापुरतं खात नाही, कणीस कुरतडतं, चार दाणे खातं, टाकून देतं आणि पुढच्या कणसावर जातं. आमच्या शिवारात आता सूर्यफूल कोणी लावत नाही ते यांच्याच पायी. रानडुकरानं नासाडी केली की निदान पंचनाम्याला माणूस येतो, पोपटानं खाल्लं म्हणून अर्ज दिला तर समोरचा साहेब तोंडावर हसला माझ्या. तुमचं प्रेम बसून करायचं प्रेम आहे.

वोंडेलपार्कची_आई

मी अॅमस्टरडॅमला असते. इथल्या वोंडेलपार्कमध्ये आपलेच गुलाबी कंठाचे पोपट मोकळे फिरतात, कधीकाळी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिल्लावळ आहे, लंडनमध्ये तर त्याहून जास्त. माझ्या मुलाने पोपटांचा थवा आयुष्यात पहिल्यांदा इथे पाहिला, बर्फ पडलेला असताना. सुट्टीत सांगलीला मावशीकडे नेलं तर तोच पक्षी पिंजऱ्यात, आणि तो मला विचारतो, "आई, याने काय केलं?" त्याला वाटलं शिक्षा आहे. मला उत्तर देता आलं नाही.

ज्वारीवाले दादा, इथेही बागवाले तक्रार करतात, घुबडांच्या आणि बाकी पक्ष्यांच्या ढोल्या हे आधीच बळकावतात म्हणून.

शिवार_ते_ताट

@ज्वारीवाला_परभणी, राग मानू नका पण पोपट काय आज आले का? पूर्वी अख्खं शिवार ज्वारीचं असायचं तेव्हा तेवढेच पोपट सगळ्यांत वाटले जायचे. आता चहूकडे सोयाबीन आणि कापूस, मधे एकाच माणसाची दोन एकर ज्वारी, मग तालुक्यातले सगळे थवे तिथेच उतरणार. दोष पीक बदलाचा आहे, पाखराचा नाही. माळा बांधून राखण करायचे ना लोक आधी?

ज्वारीवाला_परभणी

माळा बांधून राखण! कोण करणार, तुम्ही येता का? माझा बाप माळ्यावर बसायचा, गोफण फिरवायचा, आई डबा बडवायची, आम्ही पोरं हाकारे घालायचो, शाळा बुडवून. पहाट ते आठ आणि दुपारी चार ते अंधार, रोज, दीड महिना. तेव्हा घरात अकरा माणसं होती. आता मी आणि बायको, पोरगा पुण्यात कंपनीत. मजूर लावला तर ज्वारीच्या भावात त्याचा पगार निघत नाही. चमकणारी पट्टी बांधून पाहिली, आठ दिवस भ्यायले, नवव्या दिवशी तिच्यावरच बसले. सोयाबीन आम्ही हौसेनं लावलं का? तुमचं पीक बदलाचं बोलणं कागदावर खरं आहे, तेवढं मान्य करतो, पण मग एकट्यानं ज्वारी पेरणाऱ्यानं सगळ्या तालुक्याचे पोपट पोसायचे, आणि शहरातल्यांनी हुरडा पार्टीला यायचं, हा कुठला न्याय?

शिवार_ते_ताट

हुरडा पार्टी काढायची गरज नव्हती. माझा मामा अजून ज्वारी करतो, बार्शीकडे, कडेच्या चार ओळी पाखरांच्या म्हणून सोडतो.

ज्वारीवाला_परभणी

पोपट ओळी मोजून खात नाही भाऊ. मामांना विचारा मधल्या ओळींचं काय होतं. आणि मामांची पेन्शन आहे का तेही विचारा.

शिवार_ते_ताट

आहे. शिक्षक होते. बरं.

ग्रे_पुणे

मूळ विषयावर येऊ का? माझ्याकडे आफ्रिकन ग्रे, म्हणजे करडा परदेशी पोपट आहे, रीतसर नोंदणी केलेला, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, २०२४ च्या नियमांप्रमाणे. मोठा पिंजरा, दिवसातले पाच तास मोकळा, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवत नाही कारण त्याने लिव्हरवर चरबी चढते, भाज्या-फळं देते, आणि घरातली नॉनस्टिक भांडी काढून टाकली कारण ती जास्त तापली की त्यांच्या धुराने पक्षी मरतो. तेव्हा सगळ्या पाळणाऱ्यांना एका मापात मोजू नका. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी पाळू नये. आणि मिरचीवरून कोणी नावं ठेवू नका, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, ती त्यांना चालते.

दळण_आणि_दाणे

@ग्रे_पुणे, तुमचा एकटा आहे की जोडी?

ग्रे_पुणे

एकटा. पण मी घरूनच काम करते, त्याला माणसांची सवय आहे.

दळण_आणि_दाणे

म्हणजे वाईच्या आजींचंच उत्तर, फक्त पिंजरा मोठा. आणि ग्रे मध्य आफ्रिकेच्या जंगलांतून इतके पकडले गेले की २०१६ मध्ये सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेला त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला. तुमचा पिंजऱ्यातच जन्मलेला असेल, मान्य, पण त्याचे आजी-आजोबा कुठून आले?

मला खरा राग कायद्याचा येतो. आपला साधा पोपट घरात ठेवला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी पोपट कागद केले की दिवाणखान्यात. पक्ष्याला पिंजरा तोच ना? देशी-परदेशी काय त्याला?

ग्रे_पुणे

देशी पक्ष्यावरची बंदी रानातली पिल्लं वाचवण्यासाठी आहे, ढोलीतून काढतात ती. पिंजऱ्यातला आनंद मोजायला नाही. एवढं तरी समजून घ्या. आजी-आजोबांचं मला माहीत नाही, आणि ते बोचतं, बस.

माउलींची_ओवी

आपल्या परंपरेला नावं ठेवणाऱ्यांना आणि तिची ढाल करणाऱ्यांना, दोघांनाही एक आठवण. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरचा पोपट आहे. नळीवर बसला की त्याच्याच वजनाने नळी फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून तिलाच घट्ट धरतो, बांधलेलं कोणी नसतं तरी उडत नाही. माउलींनी तो दृष्टांत माणसासाठी दिला. पण सातशे वर्षांपूर्वी ऐकणाऱ्याला तो पटकन कळला कारण पोपट धरायची ती युक्ती सगळ्यांनी पाहिलेली होती. मोकळं असणं म्हणजे काय हे सांगायला आपण पोपटच घेतला, आणि मग त्यालाच पिंजऱ्यात ठेवून विठ्ठलाचं नाव शिकवलं. मी वारकऱ्याच्या घरातली आहे, मला हे टोचतं.

सोप्यातली_तुळस

तुमच्या घरात टोचत असेल. आमच्या घरात त्या नावाने आजीचा दिवस सुरू व्हायचा.

आल्प्सवाला

ताई, एक विचारू? आजी गेल्यावर राघूचं काय झालं?

सोप्यातली_तुळस

हे विचाराल असं वाटलंच होतं.

बाबा त्याला मुंबईला घेऊन आले. दोन खोल्यांत पिंजरा बाल्कनीत, सगळे सकाळी साडेसातला बाहेर. पंधरा दिवस तो आजीचं नाव घेत राहिला, आजोबांच्या आवाजात. मग बंद झाला. मग छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागला, आम्हाला वाटलं किडे झाले, हळदीचं पाणी लावलं. मग काकांकडे ठाण्याला, मग काकूच्या बहिणीकडे. तिथे मेला. माझी दहावी होती, मला महिन्याने कळलं. किती वर्षांचा होता कोणालाच नक्की माहीत नाही, बाबांच्या लग्नात होता एवढं माहीत आहे.

तुमच्या शेजारच्या आजींनी केलं ते आमच्या आजीला सुचलं नाही कारण असं काही करता येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एवढं मान्य करते. पण तिचं प्रेम खोटं होतं असं अजूनही कोणी म्हणालं तर मी पुन्हा एवढंच लांब लिहीन.

आल्प्सवाला

खोटं नव्हतं. मी असं म्हणायला नको होतं.

नवीन_सभासद_नगर

सगळं वाचलं, हात थरथरतायत. आमच्याकडे सासूबाईंचा पोपट आहे, चौदा वर्षं झाली. आज दार उघडून सोडून दिला तर जगेल का?

दळण_आणि_दाणे

नका सोडू वहिनी! चौदा वर्षं पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, शिक्रा आणि मांजर काय असतं ते त्याला माहीत नाही, आणि खाणं शोधता येत नाही, तो पहिल्या ओळखीच्या आवाजाकडे खाली उतरतो. सोडण्याआधी मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात बाकीच्या पोपटांबरोबर उडायची सवय करावी लागते, काही पुन्हा उडूच शकत नाहीत, ते तिथेच राहतात. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

नवीन_सभासद_नगर

पण केस करतील ना? तीन वर्षांचं वाचलं वर. आणि सासूबाईंना काय सांगू, त्या रोज त्याच्याशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत इतकं.

सोप्यातली_तुळस

केसचं मला सांगता येणार नाही, फोन करताना तो कधीपासून आहे ते खरं सांगा. सासूबाईंना आमच्या राघूची गोष्ट वाचून दाखवा, बाल्कनीची सुद्धा, ती गाळू नका. मी पहिल्यांदा लिहिताना गाळली होती.

ज्वारीवाला_परभणी

आणि बरा होऊन उडायला लागला तर परभणीकडं सोडू नका म्हणावं.

माझ्या बांधावरच्या कडुनिंबात दोन ढोल्या आहेत, दरवर्षी पिल्लं असतात. झाड तोडा म्हणून मागं लागलेत सगळे, रस्त्याला लागून आहे. अजून तोडलं नाही. पण शाळूचं कोणीतरी बघा.