रेडिओची मालकी शेतकऱ्यांकडेच का हवी
शेतकऱ्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र चालवण्यापेक्षा मोबाइलवर संदेश पाठवणे स्वस्त पडेल, हा काही जण मांडतात तो मुद्दा खर्चापुरता रास्त असला, तरी त्यात मालकीचा विचार सुटतो, असे मला मनापासून वाटते. संदेश वाचावा लागतो. रेडिओ मात्र खुरपणी करता करता, हात मातीत असतानाही ऐकता येतो, आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही तो दूर ठेवत नाही. तेलंगणातील माचनूर येथे २००८ साली सुरू झालेला ‘संघम रेडिओ’ दलित शेतकरी स्त्रियांनी चालवला. बियाणे कसे राखावे, हे तिथे पेरणाऱ्या बाईच्याच तोंडून, तिच्या बोलीत ऐकू आले. कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या यंत्राच्या खर्चापेक्षा मला चिंता वाटते ती रोज कार्यक्रम करणाऱ्यांच्या मानधनाची; त्याची तरतूद केंद्राच्या सभासद शेतकऱ्यांच्या वर्गणीतून आधी व्हायला हवी.