मदत हवी आहे: खेळाडू विनाशुल्क गेला, तर त्याला घडवणाऱ्या छोट्या क्लबला काय मिळते?

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने दिलेल्या बोसमन निकालामुळे युरोपात करार संपलेला फुटबॉलपटू हस्तांतर शुल्काविना दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. करार चालू असताना तो विकला गेला, तर फिफाच्या नियमानुसार रकमेतील ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत विभागला जातो. परंतु पंचविशीतला खेळाडू करार संपवून गेला, तर त्या क्लबांना काही मिळवून देणारा मार्ग आहे का?

अशा खेळाडूला बेइमान म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण कारकीर्द फार छोटी असते; १९९३ ते २०१७ इटलीच्या रोमा क्लबकडेच राहिलेला फुटबॉलपटू तोत्ती हा अपवादच. तरीही त्या छोट्या क्लबांची काळजी वाटते. जाणकारांनी कृपया नियम समजावून सांगावा.